हलका, पण भरीव

आमची धाकटी मावशी दगडांची वजनं करते. तीस वर्षं तेच. सोयरीक जुळवताना ही गोष्ट सांगायची वेळ आली की आमच्याकडची मंडळी आधी खाकरून घेतात.

जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर काळा खडक असतो, फार जुन्या चिखल-शेवाळाचा दबून झालेला. तेल शोधणारे त्याचे तुकडे वर काढतात आणि त्यात रिकामी जागा किती ते मावशीला विचारतात. ती आधी अख्ख्या तुकड्याचं वजन आणि आकारमान घेते. मग तो कुटून, त्या भुग्यात फुग्यातला तो हेलियम सोडून, नुसत्या कणांचं आकारमान काढते. दोन्हींतली तफावत म्हणजे छिद्रं. तराजूपाशी ती श्वास रोखते. तिथे शिंकणाऱ्या माणसाशी ती आठवडाभर बोलत नाही.

गेल्या महिन्यात नव्या साहेबांशी तिचं वाजलं. तेलविहिरीत सोडलेल्या यंत्राने, खडक हलका दिसतोय म्हणून, तो बारा टक्के पोकळ ठरवला होता. मावशीचं उत्तर पाच. आणि पुढची खोदाई याच आकड्यावर ठरायची होती.

"बाई, तुमचा तराजू म्हातारा झालाय. बारा लिहा आणि सही करा."

"हलकं म्हणजे पोकळ नव्हे, साहेब. आत शेवाळाचा माल ठासून भरलाय, तोच वजनाला हलका. आमचे हे बघा. पंचेचाळीस किलो, पण दुसऱ्याचा शब्द आत शिरायला जागा नाही."

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, नेमके तिचा विसरलेला डबा घेऊन दारात उभे. "खरंय," ते म्हणाले आणि डबा ठेवून निघून गेले.

"आणि तुमचंच चुकलं असेल तर?" साहेबांनी विचारलं.

"तर उद्यापासून घरी बसते."

खडकाचा मुठीएवढा तुकडा तेवढा उरला होता. तो दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला. नऊ दिवस मावशी रोज संध्याकाळी घरातली कपाटं उपसून पुन्हा लावत होती. काकांचे सदरे कुठे गेले, हे काकांनीही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी साहेब स्वतः खाली तिच्या प्रयोगशाळेत आले, स्टूल ओढून बसले.

"मावशी, पाच पूर्णांक एक. तुमचंच बरोबर."

मावशीने कागद हातात घेतला. कपाळावर आठी.

"हा वरचा एक कुठून आला? वाळवताना भट्टी जास्त तापवली असणार त्यांनी. जरा नंबर द्या त्यांचा."

संध्याकाळी हे ऐकून काका एवढंच म्हणाले, "बिचारे."