रुखवतात गेलेल्या पाच गाड्या

माझ्या गाड्यांना कुणी 'खेळणी' म्हटलं की माझं डोकं सणकतं. आधीच सांगून ठेवतो. खऱ्या गाडीच्या एकास अठरा मापाची, धातूत ओतलेली, दारं उघडणारी, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळणारी गाडी म्हणजे खेळणं नव्हे. मी वाळूजच्या एका कारखान्यात रंगविभागात तपासणीला आहे. दिवसभर बंपरवरचे ओघळ आणि फुगे शोधतो. रंग कसा असावा हे मला कुणी शिकवू नये. ज्या परदेशी गाड्या रस्त्यावर चालवायची माझी सात जन्मांत ऐपत नाही, त्या पाच माझ्याकडं कपाटात काचेमागं होत्या, आणि एकीच्याही रंगात खोट नव्हती.

बायको नाही, लेकरं नाहीत, म्हणून ह्याला असले नाद, असं लोक म्हणतात. म्हणू देत. लोकांना दुसरं काम काय?

थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न खुलताबादच्या स्थळाशी ठरलं. बागायत, बंगला आणि त्याच्या वर तोरा. लग्नाच्या आठ दिवस आधी वहिनी माझ्या छावणीतल्या खोलीवर आली. ही बाई कधी येत नाही. आली म्हणजे काहीतरी काढणार, हे मला कळायला पाहिजे होतं. कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, ह्या गाड्या रुखवतात मांडू का? माहेरापासून सासरापर्यंत पुठ्ठ्याचा रस्ता करते, त्याच्यावर गाड्यांची वरात. लई भारी दिसंल. तिकडच्या बायका बघतच राहतील."

मी नाय म्हणालो. सरळ नाय. मग पुतणीचा फोन आला. "काका, द्या ना. पाचच मिनिटं का होईना, माझं रुखवत उठून दिसंल." तिला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. दिल्या. नुसत्या दिल्या नाहीत, स्वतः कार्यालयात नेऊन, मऊ कापडानं पुसून, एकेक करून रस्त्यावर लावल्या.

आता माझी अक्कल बघा. पन्नाशी उलटलेला माणूस, शंभर लग्नं जेवलेला, आणि मला एवढं सुचू नये? रुखवतात मांडलं ते नवरीबरोबर सासरी जातं. लाडू-चकल्यांपासून तांब्या-पितळेपर्यंत, टेबलावर आहे ते सगळं. त्यात कुणी कुणाला विचारत नाही. मी पंगतीत "घ्या हो, अजून एक जिलबी घ्या" करत फिरत होतो, तोवर तिकडच्या बायकांनी टेबल आवरलं आणि टेम्पो खुलताबादच्या रस्त्याला लागला. पुठ्ठ्याचा रस्तासुद्धा ठेवला नाही.

मी भावाला तिथंच धरलं. "माझ्या गाड्या आणून दे."

"येडा झाला का तू? रुखवतातलं कुणी परत मागतं का? पोरीचं नाक कापू का सासरी?"

"मग मांडताना कुठं गेली होती अक्कल?"

"आण की दुसरी खेळणी," तो म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून मी त्याच्या घरचं पाणी पीत नाही. वहिनीचं तर तोंड बघायची इच्छा नाही. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, याची मला पक्की खात्री आहे. रुखवत भरगच्च दिसावं, पदरचं काही जाऊ नये, आणि भाऊजी काय, एकटाच तर आहे!

महिनाभर दम काढला. मग एका रविवारी पाचही गाड्यांची मूळ खोकी चौकडीच्या दोन मोठ्या पिशव्यांत भरली आणि एसटीनं खुलताबादला गेलो. ह्या गाड्या रुमालात गुंडाळून नेता येत नाहीत. आज आणल्याशिवाय यायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं.

व्याह्यांच्या बैठकीत, टीव्हीखाली, पाचही ओळीनं उभ्या होत्या. लाल गाडीवर तेलकट बोटं उमटलेली. पिवळीचं एक दार लोंबत होतं. पुतणीची सासू दोन शेजारणींना घेऊन सोफ्यावर बसली होती.

"या पाहुणे, अचानकच? पिशव्यांत काय आणलं एवढं?"

"विहीणबाई, मी त्या गाड्या..."

तेवढ्यात पुतणी चहा घेऊन आली. जन्मात कधी घेतला नाही तो पदर डोक्यावर. तिनं पिशव्यांकडं बघितलं. वर आलेली खोकी तिनं लगेच ओळखली.

"काका गाड्यांची खोकी द्यायला आलेत," ती पटकन म्हणाली. "लग्नाच्या गडबडीत राहिली होती." तिनं माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या. मी सोडल्या.

"बघा, खोक्यांसकट!" सासू शेजारणींना म्हणाली. "सुनेच्या माहेरनं दुसरं काय नाय आलं, पण ह्या गाड्या तेवढ्या बघण्यासारख्या." बायका हसल्या. मी तो चहा कसा प्यायलो ते मलाच माहीत.

पुतणी फाटकापर्यंत सोडायला आली. माझा भडका उडाला. "तू पण तुझ्या आईचीच लेक! माझ्या डोळ्यांदेखत खोकीसुद्धा काढून घेतली!"

ती रडली नाही. खाली बघत म्हणाली, "काका, रोज कुणी ना कुणी विचारतं, माहेरनं काय आणलं म्हणून. ह्या घरात दाखवायला माझं तेवढंच आहे."

च्यायला! भावाला शिव्या द्याव्यात, त्या सासूला द्याव्यात, का स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, काही कळेना. एसटी निघायची वेळ झाली होती. ती पदर सावरत तशीच उभी, मी परत आत जाऊन सासूला काही बोलतो की काय या भीतीनं.

"पिवळीचं दार बसवायला पुढच्या रविवारी येतो," मी म्हणालो. "आणि तुझ्या सासूला सांग, काकानं दिल्यात त्या. तुला. बाकीच्यांनी हात लावायचं काम नाय."