घोलवडला राहून विकतचे चिकू

मंडळी, आज माझ्या हातून एक गुन्हा घडला. घोलवडला, चिकूंच्या गावात राहून, मी चिकू विकत आणले.

उद्या पुण्याहून बहीण येतेय. म्हणून सकाळी डहाणू स्टेशनबाहेरून किलोभर घेतले आणि पिशवी हलवत घरी आले. शेजारच्या काकू अंगणातच होत्या. त्यांची चिकूची वाडी माझ्या भिंतीला लागून आहे.

"विकत आणलेत?" एवढंच विचारून त्या आत गेल्या.

दहा मिनिटांनी टोपलीभर चिकू घेऊन माझ्या दारात. "आठ महिने झाले तुम्हाला इथे येऊन. एकदा तरी हाक मारायची."

"उगाच तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"तुम्ही काही मागत नाही, मग मी कुठल्या तोंडाने मागू? परवा मिक्सर बंद पडला तर वाटण करायला पार झाई गावाला नणंदेकडे गेले."

ठाण्यात इतकी वर्षं राहून मला वाटायचं, कोणाकडे काही मागायचं नाही म्हणजे आपण चांगले शेजारी.

संध्याकाळी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. "काकू, जरा विरजण देता?" माझ्या फ्रिजमध्ये भांडंभर दही आहे, पण ते त्यांना सांगू नका.

विरजण वाटीत घालता घालता काकू म्हणाल्या, "थांबा, तुमच्याबरोबरच येते. मिक्सर न्यायचाय."

तुम्ही शेजाऱ्यांकडे शेवटचं काय मागितलं होतं, आठवतंय?