मोराले चुन्याचं पाणी

सोनाळ्याच्या आमच्या नारायणकाकांचं प्रत्येक वाक्य ‘सायंटिफिकली’पासून सुरू होतं. आधी घसा खाकरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि समोरच्याचं दुखणं ऐकून घ्यायच्या आतच औषध सांगून टाकायचं. औषध एकच, कॅल्शियम. कंबर धरली, कॅल्शियम. म्हैस आटली, कॅल्शियम. शेजाऱ्याचा जावई सासरी बोलत नव्हता, तर त्यालाही दुधातून द्या म्हणाले.

या विद्येचा उगम त्यांच्या पोल्ट्रीत. कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा वाढवला, अंड्यांची टरफलं टणक झाली आणि त्या दिवसापासून काका डॉक्टर झाले.

तर सातपुड्याकडून एक मोर शेडपाशी येऊ लागला. सांडलेलं कोंबडीखाद्य टिपायचा आणि संध्याकाळी समोरच्या कडुनिंबावर झोपायला जायचा. काकांनी त्याच्यासाठी वेगळं टोपलं मांडलं. पाहुणा आला की चहाच्या आधी मोर. ‘आपल्याच खाद्यावर हाय’ म्हणताना काका असे खांदे उडवत, की पिसारा त्यांनाच फुटला असावा.

हिवाळा सरता सरता मोर लंगडू लागला. पायाचे सांधे सुजले. काकांनी निदान केलं, हाडं कच्ची. टोपल्यात चुरा दुप्पट झाला, वर पाण्यात तंबाखूच्या डबीतला चुना. मोर आणखी लंगडला, काकांनी चुना आणखी वाढवला. एका संध्याकाळी त्याला झाडावर उडताच येईना. तो बुंध्याशी बसून राहिला आणि बांधावरची कुत्री हळूहळू जवळ सरकू लागली. काका काठी घेऊन त्याच्याशेजारी बसले. खाकरणं बंद.

शेवटी कौशल्याकाकूंनीच जनावरांच्या डॉक्टर सुवर्णाताईंना फोन लावला. ताई आल्या, त्यांनी टोपल्यातलं खाद्य बोटांनी चाळलं.

“काका, हा मोर अंडे देते का?”

“मोर कुठं अंडे देते, ताई.”

“मंग अंड्यावाल्या कोंबडीचं खाद्य याले काऊन? तिचं कॅल्शियम टरफलात निंघून जाते. लांडोरीचंही अंडे द्यायच्या दिवसात जाते. याचं कुठं जाईन? किडन्या खराब करून राह्यलं, म्हणून सांधे सुजले.”

काकांना ‘सायंटिफिकली’ आठवलंच नाही. “मोर वाचंन का हो?” एवढंच विचारलं.

टोपलं आजच उचला, रानातल्या पाखराला रानातलंच खाऊ द्या, ताई म्हणाल्या, आणि त्यांनी वनखात्याला कळवलं. ते लोक मोराला उपचाराला घेऊन गेले. उन्हाळ्यात त्यांनी त्याला डोंगराच्या कडेला सोडलं. थोड्याच दिवसांत तो पुन्हा कडुनिंबावर दिसला. पूर्वीसारखा शेंड्यावर नाही, खालच्या जाड फांदीवर.

परवा पाहुणे आले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खाकरले.

“सायंटिफिकली सांगतो, कॅल्शियम लय डेंजर चीज हाय. मी तं पहिल्यापासूनच सांगून राह्यलो.”

चहा घेऊन येणाऱ्या काकू दारातच थांबल्या.

“हाव,” म्हणाल्या. “मोरालेच इचारा.”