पेंग्विनचा बाप

सहावीच्या वर्गाला मी दरवर्षी पेंग्विन शिकवतो. वर पत्रे तापलेले, पोरं वहीनं वारा घेत बसलेली, आणि मी फळ्यावर खडूनं बर्फ काढतो. तीर्थपुरीच्या आसपास एवढी थंडी फक्त माझ्या फळ्यावर असते.

एम्परर पेंग्विनची मादी समुद्रावर जाते आणि नर दोन महिने उपाशीपोटी अंडं पायांवर सांभाळत उभा राहतो. अ‍ॅडेली पेंग्विन घरट्यासाठी शेजाऱ्याचे खडे चोरतात. इथं वर्ग खूश होतो. काही पेंग्विन मात्र आफ्रिकेच्या तापलेल्या किनाऱ्यावर पिल्लं वाढवतात. तिथं आई किंवा बाप उन्हाकडे पाठ करून पिल्लावर सावली धरतो. बस्स, एवढंच.

यंदा एका मुलीनं विचारलं, "सर, त्याचे वडील समोर असले तरीबी तो पिल्लाला जवळ घेतो का?"

कुणी हसलं नाही. प्रश्न बराबर होता. आमच्याकडे थोरांसमोर बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं नसतं. पेंग्विनला तेवढी लाज नसते म्हणालो आणि पान उलटलं.

मला ती लाज पुरेपूर होती. तेव्हा लेक चार महिन्यांची. बायको डी.एड.च्या पहिल्या पेपरला अंबडला गेल्ती, आई शेतात. माझे वडील, आबा, ओसरीवर पेपर वाचून राह्यले होते. अंगणात लिंबाखाली बाजेवर लेक झोपलेली. सावली सरकली, ऊन तिच्या तोंडावर आलं, ती रडायला लागली. लेकरं ही बायकांची बाब, म्हणून आबांनी मान वर केली नाही. आणि आबा होते म्हणून मी हललो नाही. आई आली तोवर पोरगी लालबुंद झालेली. संध्याकाळी ताप. बायकोला सांगितलं, माझा डोळा लागला होता, कळलंच न्हाई.

आपण घर सोडलं म्हणून हे झालं, असं तिनं धरलं. उरलेल्या पेपरांना ती गेलीच नाही. मी मास्तर राहिलो, ती मास्तरांची बायको.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर घरी आलो आणि सगळं सांगून टाकलं, पेंग्विनसकट. बायको गवार मोडत होती.

"उचलायची लाज वाटली, मानलं," ती म्हणाली. "पण उन्हाच्या मधी नुसतं उभं राहायचीबी लाज वाटली का तुम्हाला?"

उभं राहायला तर काहीच हरकत नव्हती. आबा बसलेले असले की मी उभाच असायचो, ती आमच्या घरची रीत. त्या दिवशीही उभाच होतो. फक्त चार पावलं अलीकडे, सावलीत.