जिनिंगच्या शेडमधली दुकानं

आर्किटेक्चरचं कॉलेज संपवून मी पुण्याहून अकोल्याला परत आले, तेव्हा नकाशे काढायला टेबल होतं, पण काम नव्हतं. कापसाचे ते फार वाईट दिवस होते. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची आणि बाजारात कोणी नवीन बांधकामाचं नाव काढत नव्हतं. अशात एका कापड व्यापाऱ्याने मला बोलावलं. त्यांच्या वडिलांची कापसातून सरकी काढायची जिनिंग बंद पडली होती. तिची शेड पाडून तिथे दुकानांची दुमजली इमारत करायची, समोरून पूर्ण काच, आत एसी, असं शेठच्या मनात होतं. मीही आनंदाने तशीच चित्रं काढून दिली.

मोजमाप घ्यायला मे महिन्यात भर दुपारी गेले. बाहेर डोळे उघडवत नव्हते. शेडमध्ये मात्र मोहल्ल्यातली बरीच माणसं जमली होती. उन्हाळ्यात शेतात काम नसायचं, म्हणून दंडारीचं एक मंडळ तालीम करत होतं. गाणं, नाच आणि सोंगं मिळून होणारा हा आमच्याकडचा खेळ. एका कोपऱ्यात पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवत बसला होता. जिनिंग थांबल्यापासून ही शेड जणू त्यांचीच झाली होती.

टेप धरायला शेठनी एक म्हातारे मिस्त्री दिले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. माझी चित्रं त्यांनी शेठकडे पाहिली होती.

"चाचा, इथे इतकं थंड कसं?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहायला सांगितलं. कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या छपरावर, अगदी माथ्याला, दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं आणखी एक छोटं छप्पर होतं.

"गरम हवा तिथून निंघून जाते, बेटी. खालून नवी येते. तू तं काच लावून तिले कोंडून राहिली." मग तालमीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "अन् ह्या लोकाईले कुठी धाडशीन?"

घरी येऊन मी आधीची चित्रं बाजूला ठेवली आणि आठवडाभर बसून नवा नकाशा काढला. शेड तशीच ठेवायची, दोन्ही लांब भिंतींना लागून दुकानं, मधला भाग मोकळा. दुकानांना उजेड आणि वारा तिथूनच मिळणार, आणि तालीमही तिथेच होणार.

शेठ भडकले. "मधली जागा मोकळी? तिथं आठ दुकानं बसतात, मॅडम!"

"एकदा दुपारी येऊन बसा," मी म्हटलं.

ते आले. लोडशेडिंगमुळे त्यांना स्वतःच्या दुकानात बसवत नव्हतं, म्हणूनच आले असावेत. चाचांनी खाट टाकून दिली. ढोलकी वाजत होती. शेठ मला दोन-चार प्रश्न विचारता विचारता आडवे झाले आणि चक्क घोरू लागले. मंडळाने ढोलकी हळू केली. तासाभराने ते उठले, सदऱ्याची पाठ चाचपून पाहिली. कोरडी होती.

"काच नको मंग," ते म्हणाले.

माझ्याकडून चूक झाली ती पुढे. मधल्या भागात मी चकचकीत टाइल्स बसवल्या. मंडळात बाईचं सोंग घेणारा धिप्पाड शेतकरी पहिल्याच गिरकीला आपटला. कंबर चोळत उठला आणि म्हणाला, "मॅडम, हे नाचाले हाये का घसराले?"

सगळे हसले, मी रडकुंडीला आले. शेठ चौकशीला आले तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच चाचा पुढे झाले. "टाइल मीच म्हनलो होतो, शेठ. माह्यं चुकलं." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्या उखडून खडबडीत फरशी टाकायला घेतली. माझं पहिलंच काम होतं. ते वाचलं त्यांच्यामुळे.

इमारत झाली, पण हंगाम हातचा गेलेला. निम्मी शटरं बंदच राहिली. मधली जागा गोदामाला द्या, असा सल्ला लोक शेठना देऊ लागले. शेठनी ऐकलं नाही. उलट दोन रिकाम्या दुकानांची शटरं उघडून एकात पेंटरला आणि दुसऱ्यात ढोलक्या मढवणाऱ्याला बसवलं. "बंद शटर पाहून गिऱ्हाईक वापस जाते," असं कारण ते सांगत. पण तालमीच्या वेळी खुर्ची टाकून सगळ्यांच्या आधी तेच बसलेले असायचे. लोक ऐकायला येत आणि जाता जाता काहीबाही घेत. दुकानं भरायला तीन वर्षं लागली, पण भरली.

त्या इमारतीमुळे मला अमरावतीत कामं मिळू लागली. चाचा तोवर परतवाड्याला मुलीकडे राहायला गेले होते. मी मुद्दाम त्यांचे आभार मानायला गेले. जाताना बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी मधेच थांबवलं.

"नातीले शिलाईचं दुकान टाकाचं हाये. नकाशा काढून देशीन?"

मी कागद काढला. त्यांनी चष्मा चढवला आणि माझी पहिलीच खिडकी पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "पश्चिमेले काहून? पोरगी भाजून निंघन तिथं."

आम्ही दोन तास वाद घालत बसलो. नात चहा घेऊन आली, तोवर खिडकी तीनदा हलली होती आणि शेवटी चाचांनाच हवी तिथे बसली. जुळवलेलं वाक्य राहूनच गेलं. पण निघताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांना ते ऐकू आलं असावं असं मला वाटलं.