चूक झाली की टाळी

हा ग्रुप मी बरेच दिवस नुसता वाचतोय. इथले काही अनुभव वाचून हसलोयही, ते आधीच सांगून टाकतो. पांढरी साडी, पिंपळाचं झाड, घाटात बंद पडलेली गाडी... माफ करा, पण मला कधी पटलं नाही. मी अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये आहे. रीडिंग विचित्र आलं की आमच्याकडे कुणी नारळ फोडत नाही. आधी मशीन तपासतात, मग सॅम्पल, आणि शेवटी सॅम्पल घेणारा माणूस. घरीही माझा तोच खाक्या. सुवर्णा, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुझ्यासमोर भूत आलं तरी तू त्याचं सॅम्पल मागशील. तिचं बरोबर होतं. होतं, असंच लिहावं लागतंय आता.

आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो. तिसरा मजला, मागच्या खिडकीतून नदीकडची झाडी दिसते. घरात मी, सुवर्णा आणि आई. आम्ही मूळचे इकडचेच, आगरी. आईची शाळा चौथीत सुटली, पण वाचायचा नाद जबरदस्त. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. आणि नेमकी तिचीच नजर काचबिंदूने गेली. पहिले काही महिने ती नुसती खिडकीशी बसून असायची, कुणाशी बोलायची नाही. मग कुणीतरी सांगितलं की अंबरनाथच्या एका वाचनालयात अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करून देतात. तिथून मी मेमरी कार्ड भरून आणायला लागलो आणि आई परत माणसात आली. एक दिवस तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचा आवाज चांगला आहे, तुम्हीच का नाही वाचत?" नाही म्हणायचं काही कारण नव्हतं.

आता ह्या कामाची पद्धत नीट सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. पुस्तक जसं छापलंय तसंच वाचायचं. पदरचं काही घालायचं नाही, गाळायचंही नाही. वाचताना जीभ अडखळली, शब्द चुकला, तर रेकॉर्डिंग बंद करत बसायचं नाही. जोरात एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून परत वाचायचं. कॉम्प्युटरवर आवाजाची जी रेघ दिसते, तिच्यात टाळी उंच सुळक्यासारखी उठून दिसते. एडिटिंग करणारा तेवढेच सुळके शोधतो आणि त्याच्या आधीचं चुकलेलं वाक्य कापून टाकतो.

आमचं एडिटिंग हरेशभाई करायचे. सिंधी माणूस, उल्हासनगरला लग्नाच्या शूटिंगचं त्यांचं दुकान आहे, वाचनालयाचं काम फुकट करून देतात. मी आतल्या खोलीत दुपारी रेकॉर्डिंग करायचो, शिफ्टवरून आल्यावर. पंखा बंद, खिडक्या बंद, आवाज घुमू नये म्हणून कपाटाच्या दारांवर गोधड्या टाकलेल्या. घामाने भिजून जायचो. पण आई ते न कापलेलं रेकॉर्डिंगच आधी मागायची. माझी चूक झाली, टाळी वाजली की ती बाहेरच्या खोलीत खुदकन हसायची. "टाली वाजली, माजा बाल्या चुकला." तिच्या बोलीत टाळीची टाली होते आणि पन्नाशीला आलेला मी अजून बाल्याच आहे.

एक दिवस हरेशभाईंचा फोन आला. "साईं, तुमची फाइल एकदम मस्त असते यार. बाकी लोक चुकतात, त्यांना पताच नसतो. तुम्ही बरोबर टाळी मारता. फक्त एक करा ना, टाळीनंतर वाक्य परत वाचत जा. बहुत जगह राहून गेलंय."

मी म्हटलं, असं होणार नाही. टाळी वाजवली की मी परत वाचतोच.

"अरे, सुना तो मैंने. टाळी आहे, आणि चूक पण आहे तिथे. पाठवतो, बघा तुम्ही."

फाइल ऐकली. मी वाचतोय, एक शब्द चुकतो, मला कळतही नाही, मी पुढे जातो... आणि मागे टाळी वाजते. माझ्याच वाचण्याच्या वर. म्हणजे मी बोलतोय, थांबलेलो नाही, आणि टाळी. पुस्तक उघडून ताडून बघितलं. जिथे जिथे टाळी होती, तिथे खरंच मी काहीतरी चुकलो होतो. कुठे 'आणि'चं 'पण' केलं होतं, कुठे अख्खी ओळ गाळली होती.

तुम्ही म्हणाल, शेजारी असेल. मीही तेच म्हटलं. वरच्या घराला कुलूप आहे, खाली दाताचा दवाखाना, तो दुपारी बंद. सुवर्णा तेव्हा कामावर, आणि आईला पुस्तक दिसत नाही. सॉफ्टवेअरने माझी जुनी टाळी चिकटवली असेल? त्यासाठी मी एक प्रयोग केला. टाळी वाजवणंच बंद केलं. चुकलो की स्टीलच्या ग्लासवर चमचा मारायचा. म्हणजे फाइलमध्ये जी टाळी येईल ती माझी नाही, हे पक्कं. फाइल झाली. चमच्याचे आवाज होते, ते माझे. आणि टाळ्याही होत्या. आधीच्या फाइलमध्ये त्या दाराजवळून आल्यासारख्या वाटत होत्या, ह्या जवळच्या होत्या. मी एकटाच खोलीत होतो, आणि ऐकताना मला पहिल्यांदा तिथून उठून बाहेर यावंसं वाटलं.

माईक वाचनालयानेच दिलेला होता, म्हणून तिथे जाऊन विचारलं, हा आधी कुणाकडे होता का. मनाची तयारी केली होती की आता कुणी वारलेल्या काकू निघणार. कसलं काय. माईक कोरा, माझ्यासमोर खोक्यातून काढलेला. असं काही निघालं असतं तर एक वेळ बरं वाटलं असतं.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं, पण शिरगावच्या स्नेहलचं काम अर्धवट होतं. जन्मापासून दिसत नाही तिला, बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. तिचं गणिताचं गाईड मी वाचत होतो. परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे एडिटिंगला न देता फाइल थेट तिलाच पाठवायचं ठरलं. त्या दुपारी हेडफोन लावून बसलो. टक्केवारीचं एक उदाहरण वाचलं आणि खाली छापलं होतं तसं म्हटलं, "उत्तर, पर्याय ब."

टाळी. ह्या वेळी फाइलमध्ये नंतर नाही. तेव्हाच, उजव्या कानाशी.

मी हेडफोन ओढून काढला. खोलीत गोधड्या, कपाट, मी. पुस्तकात बघितलं, पर्याय ब हेच छापलेलं. हेडफोन परत लावून वाचलं, पर्याय ब. टाळी. मग बोट ठेवून एकेक अक्षर बघत परत वाचलं आणि परत टाळी. चूक नव्हतीच तर टाळी कसली? कसंबसं ते पान संपवलं आणि फाइल पाठवून दिली.

दोन दिवसांनी स्नेहलचा फोन. "काका, ते टक्केवारीचं उत्तर गाईडमध्येच चुकीचं छापलंय ना? मी करून बघितलं, पर्याय क येतो. तुम्हाला कळलं होतं वाटतं, किती टाळ्या वाजवल्यात. मग परत परत तेच का वाचलंत?"

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. फोन ठेवून गॅलरीत आलो. तोपर्यंत मी मनाची समजूत घातली होती की जे काही आहे ते पुस्तकाशी ताडून बघतंय, आपल्यासारखंच. पण पुस्तकात तर ब होतं. म्हणजे त्याला छापलेलं काय आहे ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला खरं काय ते माहीत होतं. हे लक्षात आल्यावर मला जी भीती वाटली, ती आधीच्या भीतीसारखी नव्हती.

माईक परत करून आलो. काम वाढलंय म्हणून सांगितलं. सुवर्णाला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली जरा झोप पूर्ण करत जा.

त्याच सुमारास आईचं पोट दुखायला लागलं. जेवण तुटलं, अंगावरचे ब्लाउज ढगळ व्हायला लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला तो मी आणि सुवर्णाने दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून वाचला. कॅन्सर. सुवर्णा रडायला लागली. मी म्हटलं, आईला सांगायचं नाही. ही बाई डोळे गेले तेव्हा महिनोन् महिने खिडकीशी बसून होती, हे ऐकलं तर ती हातपायच गाळेल. अल्सर म्हणायचं, औषधं सुरू करायची. सुवर्णाला पटलं.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा कामावर गेली होती, मी रजा टाकली होती. सकाळचे दहा-साडेदहा असतील, लख्ख ऊन, दार उघडं, समोरच्यांचा कुकर होत होता. आई जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. ते काम तिला डोळ्यांशिवायही येतं. म्हणाली, "रिपोट आलाय ना? वाच. सांगू नको, वाच."

रिपोर्ट इंग्रजीत होता. मी कागदाचा आवाज केला आणि वाचतोय असं दाखवत मराठीत म्हटलं, "पोटात अल्सर आढळून आला आहे. औषधाने बरा होण्यासारखा आहे."

टाळी वाजली.

खोलीत, उघड्या दारात, दिवसाउजेडी. हेडफोन नाही, माईक नाही. आमच्या दोघांच्या मधून आवाज आला. आईचे दोन्ही हात ताटात होते, बोटांना वालाची सालं चिकटलेली. माझ्या हातात कागद होता.

आईने मान वर केली. "टाली वाजली ना? चुकलास वाटतं. परत वाच."

मी म्हटलं, "छोटी गाठ आहे आई. साधी आहे, काही..."

टाळी. अजून जवळ. आईने कानाजवळ काहीतरी आल्यासारखी मान बाजूला घेतली. पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ती वाट बघत होती. मीच घाबरलो होतो, आईसमोर उभ्या चड्डीतल्या पोरासारखा.

"परत वाच, बाल्या," ती म्हणाली. "नीट वाच."

मग मी वाचलं. जे लिहिलं होतं ते, एकेक ओळ मराठीत करून. कॅन्सर हा शब्द म्हटला, तो कुठपर्यंत पसरलाय तेही म्हटलं. शेवटच्या ओळीपर्यंत घरात दुसरा कसलाही आवाज झाला नाही.

आईने ताटातले वाल चाचपले. मग एक वाल उचलून सोलला. "आता नाय वाजली," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं, "मंग मी बरी होईन ना रं?"

मी तोंड उघडलं. 'हो आई, होशील' एवढंच तर म्हणायचं होतं, कुठलाही मुलगा म्हणेल. पण मला तो पर्याय ब आठवला. मी हो म्हटलं आणि टाळी वाजली तर? आईही ऐकणार होती. मी उठलो आणि नुसते तिचे ओले हात धरले.

ह्याला आता पाच-सहा महिने झाले. त्यानंतर टाळी एकदाही ऐकू आलेली नाही, पण मी तशी वेळच येऊ देत नाही. घरात जपून बोलतो. कढी छान झालीय म्हणतानाही अडखळतो, सुवर्णा चिडते. हरेशभाईंनी सगळ्या फाइल्स तपासल्या, दुसऱ्या कुणाच्याही रेकॉर्डिंगमध्ये असं काही नाही. सुवर्णा म्हणते, टेन्शनमध्ये तुझ्या मनाचे खेळ. मग आईने ऐकलं ते काय होतं? स्नेहलने, हरेशभाईंनी ऐकलं ते? मशीन तपासलं, सॅम्पल तपासलं, माणूसही तपासून झाला. इथे कुणाला असं काही माहीत असेल तर सांगा, मी हसणार नाही.

आईची केमो चालू आहे. डॉक्टर म्हणतात रिस्पॉन्स चांगला आहे, आशा ठेवा. हे मी टाइप करू शकतो. घरात मोठ्याने म्हणायची हिंमत होत नाही. केमोहून येताना रिक्षात ती दर वेळी विचारते, बरी होईन ना रं? आणि मी नुसती मान हलवतो. तिला ते दिसत नाही, म्हणून ती परत विचारते.