घोवाचं नाव

माझ्या आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाने माझ्या आजीला फसवलं. ती समोर उभी असताना, तिच्याच अंगठ्याने.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले आणि परत आले नाहीत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आजी म्हणायची, सरकारने काही दिलं नाही. मी भंगाराच्या हातगाडीवरून घाटकोपरातल्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत आलेला माणूस. काही दिलं नाही म्हटलं की मी आधी विचारतो, मागितलं कुणी? आजी गेल्यावर, ऐंशीच्या दशकात, मी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहायला लागलो. दोनदा उत्तर आलं, कागद सापडत नाहीत. दुकानदार 'माल नाही' म्हणतो तेव्हा माल बहुतेक वेळा आतल्या खोलीत असतो. तिसऱ्यांदा मी स्वतः गेलो, दोन दिवस बाकावर बसून राहिलो आणि कारकुनाशी भांडलो. महिन्याभराने झेरॉक्सचा जाड लिफाफा दुकानात आला.

पहिल्या पानावर भरतीच्या वेळचं वर्णन होतं. उंची, छाती आणि ओळखीची खूण: उजव्या कानामागे काळा तीळ. मला स्वतःच्या कानामागचं कसं दिसणार? समोरच्या न्हाव्याला जाऊन बघायला सांगितलं.

"आहे ना शेठ, चांगला मुगाएवढा," तो म्हणाला. "इतकी वर्षं माहीत नव्हता?"

भर दुपारी मानेवर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं झालं.

त्याच पानावर 'विवाहित' या रकान्यात होय लिहिलेलं होतं. त्यावर रेघ मारून दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात नाही केलेलं. म्हणजे माझे आजोबा बिनलग्नाचे मेले. माझा बाप जन्मला नाही, मी जन्मलो नाही. मग हा तीळ कुणाच्या अंगावर होता?

उत्तर शेवटच्या पानावर मिळालं. गावच्या कचेरीत झालेली वारस चौकशीची जबानी, मराठीत. 'सदर बाईस पतीचे नाव विचारले असता सांगत नाही. इसमाने समक्ष सांगितले की, ही माझी पत्नी. मयत भाऊ अविवाहित, त्याच्या येणे रकमेस वारस मी. बाईची हरकत नाही.' खाली धाकट्या आजोबांची सही. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. शेजारी आजीचा अंगठा, आणि त्या काळ्या ठशाच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ. विळीने कापल्याचा तो व्रण. लहानपणी ती भात भरवायची तेव्हा घासागणिक माझ्या ओठाला लागायचा. मी नकळत ओठ पुसले.

रविवारी भांडुपला धाकट्या आजोबांच्या खोलीवर गेलो. ते खाटेवर बसून तंबाखू मळत होते. मी दारात उभा राहिलो, उजेड माझ्या पाठीमागे होता. त्यांचे हात थांबले.

"दादा," ते हळूच म्हणाले, "इलस?"

मोठ्या भावाला ते दादा म्हणत. मी पुढे होऊन माझं नाव सांगितलं, तरी ते बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या मागे बघत राहिले. मग मी जबानी वाचून दाखवली. नाकारतील म्हणून मी तयारीने गेलो होतो. त्यांनी नाकारलं नाही.

"तिका घोवाचा नाव इचारल्यानी. बायलमाणूस घोवाचा नाव घेता काय? गप ऱ्हवली. म्हणान मी कारकुनाक हळूच सांगलंय."

"कुणाचं?"

"माझा."

पुढचं त्यांनी न विचारता सांगितलं. कचेरीतून परतताना आजी त्यांच्या मागून चालत होती. काय लिहिलं, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, दादाचंच नाव. तिने हात जोडले. त्यानंतर चाळीस वर्षं ती पांढऱ्या कपाळाने वावरली, आणि कागदावर ती सवाष्ण होती, या माणसाची. मला पुढे ऐकवेना. माझा आवाज इतका चढला की शेजारची बाई दारात येऊन बघून गेली.

मी त्यांना म्हटलं, "आजोबा, उद्याच्या गाडीने गावी चला. त्याच कचेरीत उभे राहा आणि सांगा, ती कुणाची बायको होती. तुम्हीच सांगायचं. वदवून घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."